दोन कानांची उशी

१

लोक जुनी व्हॅन घ्यायला जातात तेव्हा इंजिन बघतात, टायर बघतात, आडवे पडून खालचा गंज बघतात. वीबकेच्या पप्पानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं सरकतं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि चर्चमध्ये शिरल्यासारखा गप्प झाला.

"ओरिजिनल," तो हळूच म्हणाला. "गेशे, बघ तरी. सगळं ओरिजिनल!"

गेशे म्हणजे पप्पाची नवी बायको. तिनं आत मान घालून बघितलं. नारिंगी-चॉकलेटी चौकड्यांच्या गाद्या, तसलेच चिमुकले पडदे, लाकडी कपाटं, दोन शेगड्यांचा ओटा. मागच्या बाकावर ओळीनं तीन उश्या.

"वास पण ओरिजिनल आहे," गेशे म्हणाली.

वीबकेला हसू आलं ते त्या उश्यांचं. प्रत्येक उशीच्या डोक्यावर कुणीतरी हाताची कड हाणून मधोमध खळगा पाडला होता, त्यामुळे दोन बाजूंना दोन कान उभे. म्हाताऱ्या बायकांच्या सोफ्यावर असतात तशा. तीन मांजरं पाठ करून बसल्यासारखी वाटत होती. पण गाडी म्हणे तीस वर्षं या कोठारात बंद होती. तीस वर्षांत उशीचे कान पडत नाहीत?

'च्यायला, विकायच्या आधी म्हातारीनं हाणले असतील,' वीबकेनं मनात हिशोब लावून टाकला. पण गाद्यांवर धुळीचा जाड थर होता आणि त्यात एकाही बोटाचा ठसा नव्हता.

म्हातारी म्हणजे आंके लोरेंझन. गाडी तिच्या आईबापांची. पायात गमबूट, हातात चावी, आणि उभी कुठे, तर कोठाराच्या उंबऱ्याबाहेर. एक पाय आत टाकला नाही तिनं.

"किती जण आहात?" तिनं विचारलं.

"चार. आम्ही दोघं, ही माझी वीबके, आणि ही गेशेची फेन्ना."

बाईनं दोघी पोरींकडे बघितलं. बाजारात खरबूज निवडतात तसं. "आत कप तीनच आहेत."

"चालवून घेऊ की," पप्पा हसला.

"आईला चालायचं नाही," ती म्हणाली, आणि चावी पप्पाच्या हातात देताना दोन पावलं मागे सरकली.

पप्पा व्हॅन घेऊन निघाला. शेजारी फेन्ना. वीबके मागच्या गाडीत गेशेबरोबर. वळणावर तिनं मागे बघितलं तर साठी उलटलेली ती आंके कोठाराच्या दारामागे लपली होती. नीट लपली होती, गुडघे वाकवून, तोंडावर हात ठेवून. जेवायला बोलावतील म्हणून पोरं लपतात तशी.

"भारी वेडी आहे," वीबके म्हणाली. गेशेला रस्त्याशिवाय काही दिसत नव्हतं.

२

आता वीबके काय चीज आहे ते सांगायला पाहिजे. वय पंधरा. शाळेत नाव फळ्यावर जास्त, वहीवर कमी. गणिताच्या बाईंच्या खुर्चीला चिकटपट्टी लावणारी तीच, आणि गल्लीतल्या मिठाच्या बरण्यांत साखर भरणारी पण तीच. यात तिचा गुरू कोण, तर खुद्द पप्पा. दोघांनी मिळून शेजारच्या बागेत शोभेला ठेवलेला मातीचा बुटका दर शनिवारी एक पाऊल सरकवला होता. चार महिन्यांत बुटका गेटाबाहेर! शेजारी बुटक्याशीच बोलायला लागला होता.

पप्पा थाप मारताना चेहरा दगडासारखा ठेवायचा. पण डावी भुवई उडायची. हे फक्त वीबकेला माहीत होतं.

"माझा उजवा हात," तो तिला म्हणायचा.

मग गेशे आली, तिच्यासोबत बारा वर्षांची फेन्ना आली, आणि आता ही व्हॅन आली. अंगणात पप्पा आणि फेन्ना शनिवारभर व्हॅन पुसत बसायचे. फेन्ना कापसाच्या काडीनं शेगडीच्या खाचा साफ करायची. एकही वस्तू बदलायची नाही असा नियम. पडद्याची कडी तुटली तर तीच कडी जोडायची. फाटलेल्या गादीला तोच धागा. जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट मिळते ना, ती हवी होती पप्पाला. तपासायला आलेला माणूस आत दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, "इतकी अस्सल मी बघितली नाही. असं वाटतं घरची माणसं आत्ता उठून गेलीत." मग तो घाईघाईनं उतरला आणि सही बाहेर बॉनेटवर केली.

त्याच दिवशी पप्पा फेन्नाला म्हणाला, "शाब्बास! माझा उजवा हात."

वीबके खिडकीत उभी होती.  तिनं काय केलं? व्हॅनमध्ये गेली आणि तिन्ही उश्यांवर एकेक करून बसली. चांगली उड्या मारून. कान सपाट. बरं वाटलं.

संध्याकाळी तिन्ही उश्यांचे कान उभे होते.

३

जुलैत सगळे समुद्रावरच्या कॅम्पिंगच्या तळावर गेले. पप्पाची जागा ठरलेली, झाऊच्या कुंपणाशी, तिसरी रांग. शेजारी तेच ते लोक, तेच ते सॉसेज, तोच बटाट्याचा थंड सलाड.

जागांची वाटणी पप्पानंच केली. खाली तो आणि गेशे. पुढच्या सीटच्या वर एक कापडी झोळी ताणायची सोय होती, ओरिजिनल, ती फेन्नाला. लहान ना ती.

"आणि मी?"

"तुला तंबू! स्वतःचा. मजा आहे बाबा तुझी."

मजा. डास आणि ती.

कप तीन. मोठे दोन चॉकलेटी, एक छोटा निळा, कडेला टवका गेलेला. निळा फेन्नाला. वीबकेला थर्मासचं झाकण.

"दुसरा कप आणू की दुकानातून," गेशे म्हणाली.

"आणि या सेटमध्ये ठेवू? गेशे, अगं डोळ्यांत खुपेल!" पप्पा खरंच कळवळला.

वीबके झाकणातून कोको प्यायची. झाकणाला कालच्या सूपचा वास. समोर फेन्ना दोन्ही हातांत निळा कप धरून, मागच्या बाकाच्या कोपऱ्यात, खिडकीशी, तिसऱ्या उशीपाशी. मात्र ती उशीला टेकायची नाही. बाकाच्या कडेला अर्धी बसायची, बस सुटेल म्हणून बसतात तशी.

"नीट बस की महाराणी," वीबके म्हणाली. "सिंहासन टोचतंय का?"

"तू बसतेस?" फेन्नानं लगेच विचारलं.

"दान नको तुझं."

वीबकेचा एक खेळ सुरू झाला होता. येता-जाता उश्या चेपायच्या. दात घासून आली की चेपल्या. पोहून आली की चेपल्या. परत बघावं तर कान उभे. गेशे करते म्हणावं तर तिला असली म्हातारी कामं जमायची नाहीत. पप्पाला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं तूच करतेस, मला चिडवायला!" भुवई हलली नाही. उरली फेन्ना. गुणी बाळ. पप्पाला खूश ठेवायला चोरून उश्या हाणते. वीबकेला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

४

तळावर दुपारी एक ते तीन शांतता असते. फाटक पडतं, गाड्या बंद, चेंडू बंद, रेडिओ बंद. लहान पोरं सुद्धा कुजबुजतात. रखवालदार सायकलवरून फिरतो आणि जो हसेल त्याच्याकडे बघत राहतो. त्या दोन तासांत झाऊच्या झुडपातली माशी पण ऐकू येते.

वीबकेनं घरून पादणारी पिशवी आणली होती. रबराची, फुगवून सीटखाली ठेवायची, कुणी बसलं की पर्रर्र. मस्त बेत होता. तिसऱ्या उशीखाली पिशवी, फेन्ना येऊन बसेल, आणि शांततेच्या वेळात अख्ख्या तिसऱ्या रांगेत डंका. तिनं पिशवी लावली, दार ओढून घेतलं आणि बाहेर घडीच्या खुर्चीत येऊन वाट बघत बसली.

पण त्या दिवशी ऊन मऊ होतं. फेन्ना आत गेलीच नाही. चौघंही बाहेर, ओळीनं चार खुर्च्यांत. पप्पा पेपर तोंडावर घेऊन. गेशे कोडं सोडवत. फेन्ना नखं खात.

आणि बंद व्हॅनमध्ये पिशवी वाजली.

पटकन नाही. कुणी धपकन बसल्यावर वाजते तशी नाही. हळू, लांब, सावकाश. वजन जपून जपून खाली यावं तशी. शेवटी एक बारीक पिप, आणि शांत.

पप्पानं पेपर खाली घेतला. पलीकडच्या तंबूतली बाई "अहो, शांततेची वेळ आहे!" म्हणून ओरडली. पप्पाला हसू आवरेना. "वीबके, तुझंच काम. दोरी बांधलीस काय?"

"हो," वीबके म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिनं खुर्च्या मोजल्या. चार. चारही भरलेल्या.

उन्हानं हवा फुगली असेल. हवा फुगली की रबर सुटतं, शाळेत शिकवलं होतं बहुतेक. तिनं जाऊन दार सरकवलं. आत कोणी नव्हतं. पिशवी चपाती झालेली. आणि उशी? उशी तिच्यावर बरोबर ठेवलेली, कान ताजे, खळगा खोल. त्या खळग्यात बोटाएवढी पांढरी रेघ होती. वीबकेनं चाटून बघितली. पीठ.

बाहेर येऊन तिनं फेन्नाचे हात बघितले. स्वच्छ. नखं तेवढी खाल्लेली.

५

"ए," वीबके म्हणाली. दोघी भांडी घासायला हौदावर गेल्या होत्या. "उश्या तू करतेस ना?"

"नाही." फेन्नानं ताट खाली ठेवलं. "मला वाटलं तू मला घाबरवतेस. तू करतेस असं वाटलं की मला बरं वाटायचं."

"मी?"

"मला तिथे बसवत नाही गं. मागून कुणीतरी सरकवतं. म्हणजे ढकलत नाही, कोपर लागतं ना बसमध्ये, तसं. आणि काल म्हणालं."

"काय म्हणालं?"

"'तू नाहीस.'"

फेन्नाचे डोळे भरले होते. "तुला सांगितलं कारण तू हसशील आणि मग ते खोटं होईल. हस ना."

वीबके हसली नाही. दुसऱ्या कुणाचं अंग शहारलं असतं. हिचं काय झालं सांगू? हिला आनंद झाला. आतून, गरम गरम, कोको प्यायल्यासारखा. त्या सुंदर, अस्सल, पप्पाच्या जीव की प्राण गाडीनं फेन्नाला नाही म्हटलं होतं. तिला नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी हो असणार. आणि पोरी दोनच होत्या.

"घाबरट," ती म्हणाली आणि ताट पुसायला घेतलं.

६

सकाळी निळा कप नव्हता.

पप्पानं कपाटं उपसली, गाद्या उचलल्या, कचऱ्याची पिशवी गवतावर पालथी केली. तोंड पांढरं पडलेलं. "सेट मोडला," एवढंच म्हणत होता. शेवटी वीबके म्हणाली, "पिशव्या बघितल्यास का?" आणि कप निघाला फेन्नाच्या पोहायच्या पिशवीतून, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला.

"मी नाही ठेवला," फेन्ना म्हणाली. तिनं वीबकेकडे बघितलं, आणि कळलं तिला. पण बोलली नाही. हेच तर वीबकेला सहन व्हायचं नाही तिचं.

"नको होता तर सांगायचं! लपवायचा कशाला?" पप्पा ओरडला.

"एका कपासाठी पोरीला रडवतोस, डेटलेफ?" गेशे उठली.

"कप नाही गेशे, ओरिजिनल कप!"

"तुझ्या ओरिजिनलमध्ये आम्ही दोघी बसत नाही, असंच ना? मग बस तूच!"

दहाच्या बसनं गेशे फेन्नाला घेऊन बहिणीकडे निघून गेली. डोकं थंड झालं की बघू, म्हणाली. बसमध्ये चढताना फेन्ना मागे वळली. "वीबके, आत नको बसूस हं," ती म्हणाली.

"हो तर! तुला राखून ठेवते जागा," वीबके म्हणाली आणि जीभ दाखवली.

७

पप्पा तासभर फुगून बसला. मग वीबकेनं त्याच्या चपला शेजाऱ्याच्या चपलांशी बदलल्या, आणि शेजारी मोठ्या चपलांत फटक फटक करत हौदाकडे निघाला तेव्हा पप्पाचं हसू फुटलं. त्यानं बटाटे परतले, वर अंडी फोडली. दोघांनी एकाच तव्यातून खाल्लं. बुटक्याची गोष्ट निघाली. वीबकेला वाटलं, झालं, सगळं जागेवर आलं.

एक वाजला. फाटक पडल्याचा आवाज आला, आणि तळ गप्प झाला.

"ऊन लागतंय. आत बसू चल," पप्पा म्हणाला. "जा, तुझ्या जागेवर."

तुझ्या जागेवर! वीबके बाकावरून सरकत कोपऱ्यात गेली. खिडकीशी. तिला कोपर लागलं नाही, कुणी सरकवलं नाही. बाक तिच्या मापाचा होता. गादी गरम होती, कुणी नुकतंच उठल्यासारखी. ती निवांत टेकली.

पप्पा ओट्यापाशी पाठ करून पाणी तापवत होता. कुणीतरी गुणगुणत होतं. वीबकेला गंमत वाटली, पप्पा कधी गुणगुणायचा नाही. मग तिच्या लक्षात आलं की पप्पा सफरचंद खातोय. कचकच ऐकू येत होतं. गुणगुणणं थांबलं नव्हतं.

पलीकडच्या तंबूतली बाई असेल. पण शांततेच्या वेळात?

"जरा पुढे हो," पप्पा म्हणाला. त्यानं तिच्या पाठीमागची उशी काढली, थोपटली, हात उंच केला आणि कडेनं एक हाणली. दोन कान टुणकन उभे.

वीबके ओरडलीच. "म्हणजे तूच! इतके दिवस तूच, चोरा! मी इकडे घाबरून अर्धी झाले!"

"शू. शांततेची वेळ." पप्पानं उशी परत लावली. "रोज आई करते ना. आज तिचे हात पिठात आहेत."

"कुणाची आई?"

त्यानं टेबलावर कप मांडले. मोठे दोन, छोटा निळा एक.

"पप्पा, गेशे गेलीय. तिसरा कप कुणाला?"

"कोण गेशे?"

वीबकेनं त्याच्या डाव्या भुवईकडे बघितलं. एवढी वर्षं तिला एवढंच तर येत होतं, ती भुवई वाचायला. तिनं बघितलं, वाट बघितली, हसायची तयारी ठेवून बघत राहिली.

भुवई हलली नाही.

"आंके, कोपर टेबलावरून काढ," पप्पा मायेनं म्हणाला.

तिनं कोपर काढलं. उठायचं, तिला वाटलं. आत्ता. टेबलाखालून सरकायचं आणि दार ओढायचं. पाय मोकळे होते. कुणी धरलं नव्हतं, खरंच सांगते, कुणीही धरलं नव्हतं. पण उठलं की जागा सुटणार. आणि जागा सुटली की ती दुसरी येऊन बसणार, ती गुणी, ती नखं खाणारी. मग परत तंबू. परत झाकणातून कोको.

ती बसून राहिली.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक पोरगी उभी होती, धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले. तिनं दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूंना लावून काचेला तोंड टेकवलं.

"वीबके! मी आईला ओढून परत आणलंय, ती फाटकाशी आहे! बाहेर ये! कप मीच लपवला असं सांगते मी, शपथ! ये फक्त!"

मग त्या पोरीची नजर वीबकेच्या खांद्यावरून मागे गेली, ओट्याकडे. तिचं तोंड उघडंच राहिलं. काचेवर वाफेचा गोल पसरत गेला.

वीबकेनं मागे बघितलं नाही. समोर टेबलावर ठेवलेली किटली मात्र दिसत होती, तिचं चकचकीत पोट, आणि त्या पोटात वाकडी झालेली आख्खी व्हॅन. त्यात पप्पा होता. त्यात ती होती. दोघांच्या मधे चौकड्यांचा एप्रन होता. किटलीचा गोलावा एप्रनच्या वर संपत होता.

खर्रर्र. पिठाळ हातानं पडद्याची कडी तारेवरून ओढली. तीच कडी, पप्पानं जोडलेली. टकटक आता जाड कापडामागून येऊ लागली.

निळ्या कपात कोको पडला. वाफ आली. सूपचा वास नव्हता त्याला.

"कोण हाक मारतंय गं बाहेर?" पप्पानं विचारलं. "वीबके कोण?"

तिनं विचार केला. नाव ओळखीचं वाटत होतं, शाळेतल्या कुणाचं तरी. खोडकर मुलीचं. टकटक चालूच होती, आणि प्रत्येक टकटकीबरोबर ती कोपऱ्यात आणखी आत सरकत होती.

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "जागा मागायला आलीय."

आणि तिनं टवका गेलेला कप दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेतला.